ब्रेक वाजतोय? आधी ऐका, मग पाना उचला

होळी झाली की आपल्या जिल्ह्यात जेसीबीची घरघर सुरू होते. कुठे शेततळे, कुठे बांधबंदिस्ती, कुठे रस्त्याला मुरूम. २०१७ साली राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तेव्हापासून तळ्यातला गाळ शेतात टाकण्याच्या कामालाही जोर आला. रान रिकामे असते, पाऊस दूर असतो, त्यामुळे सगळ्यांना यंत्र एकाच वेळी पाहिजे असते. दिवस-रात्र यंत्र पळते आणि ब्रेक वाजायला लागला तर ड्रायव्हर म्हणतो, "काही होत नाही भाऊ, धुळीनं वाजतंय." कधी कधी ते खरेही असते. पण कधी खरे आणि कधी नाही, हे ज्याच्या शेतात यंत्र उभे आहे त्यालाही कळले पाहिजे.

शेतीखात्याच्या माणसाने ब्रेकवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वजनात आहे. आपल्याकडे फिरणारा साधा जेसीबी ७ ते ८ टनांचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; गाळ ओला असेल तर एका ब्रासचेच वजन साडेचार-पाच टनांच्या घरात जाते. गावातल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर जवळपास चौपट होते. आणि हे सगळे चालते कुठे? तलावाच्या भरावावर, उताराच्या पाणंदीत, जिथे बघायला आलेली पोरेसोरे आजूबाजूला उभी असतात.

आवाज कधी येतो, हे आधी पाहा

आपल्याकडे म्हण आहे, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ब्रेकचे तसेच होते. आवाज आला की लायनर बदलले जातात, पैसे जातात आणि आवाज तिथेच. म्हणून नुसता आवाज कसा आहे ते पाहू नका, कधी येतो ते पाहा.

सपाट जागेवर, बकेट आणि ट्रॉली रिकामी ठेवून, माणसाच्या चालीने यंत्र चालवा. एकाने चालवावे, दुसऱ्याने बाजूला १०-१५ पावले लांब उभे राहून ऐकावे. चाकाशेजारून चालू नये. मग पाच प्रश्न विचारा. पॅडल दाबल्यावरच आवाज येतो, की सतत? एकाच चाकातून, की दोन्हीकडून? सकाळी गार असताना, की तापल्यावर? वळताना बदलतो का? रिकाम्याला येतो, की भरलेल्याला?

पॅडल न दाबताही आवाज येत असेल आणि वळताना तो कमी-जास्त होत असेल, तर पहिला संशय बेअरिंगवर घ्या. चाकाचे नट ढिले आहेत का, पत्र्यात खडा अडकला आहे का, हेही पाहा. उलट चालताना खडखड येते आणि ब्रेक दाबला की बंद होते, तर आतली एखादी पट्टी, पिन किंवा स्प्रिंग सैल झाली असण्याची शक्यता जास्त. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला करकर येऊन मग थांबते, तर ती रात्रीच्या दवाने धरलेली गंजाची साय. यंत्र धुतल्यावरही असे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

कोरडा ब्रेक आणि तेलातला ब्रेक

जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा कोरडे असतात. त्यात चीं-चीं असा बारीक आवाज आला तर काळ्या मातीची धूळ बसली आहे किंवा लायनर घासून काचेसारखा गुळगुळीत झाला आहे. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली तर लायनर संपून रिबिटी ड्रमला लागल्या आहेत. अशा वेळी यंत्र तिथेच थांबवा. आणखी दोन दिवस ओढले तर लायनरबरोबर ड्रमही जातो. ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असेल आणि धक्के देत थांबत असेल, तर ऑईल सील गळून लायनर तेलकट झाला असेल. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन भागत नाही. सील बदला आणि लायनर दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

जेसीबीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या ब्रेकच्या चकत्या मागच्या एक्सलच्या पोटात तेलात बुडालेल्या असतात. तिथे धुळीचा संबंध नाही. म्हणून जेसीबीचा ड्रायव्हर 'धुळीनं वाजतंय' म्हणाला तर मान डोलवू नका. हळू थांबताना घर्रर्र असा हुंकार येत असेल तर पहिला संशय एक्सलच्या तेलावर घ्या. ते जुने झाले असेल किंवा भलतेच भरले असेल. या तेलात चकत्या थरथरू नयेत म्हणून खास मिश्रण असते, साध्या गिअर ऑईलमध्ये ते नसते. यंत्राच्या पुस्तकात सांगितलेले तेल भरा, तरीही आवाज राहिला तर चकत्या तपासायला सांगा.

जुने तेल काढताना ते नीट बघा. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तळ्यात काम करणाऱ्या यंत्राला हा धोका असतोच. तापलेला एक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची टोपी चिखलाने बुजलेली असली तर सीलमधून पाणी ओढले जाते. तेलाला जळका वास असेल किंवा बुचाच्या चुंबकाला लोखंडाचा चुरा जाड थराने चिकटला असेल, तर काम मोठे आहे. ब्रेकच्या डबीतले तेल कमी होते, बाहेर गळती दिसत नाही आणि एक्सलचे तेल मात्र वाढलेले दिसते, तर आतले पिस्टनचे सील गेले.

डबीत वरून तेल टाकताना झाकणावर काय लिहिले आहे ते वाचा. काही यंत्रांना ब्रेक ऑईल लागते, काहींना खनिज तेल. एकाच्या जागी दुसरे टाकले की रबरी सील फुगतात आणि चांगला ब्रेकही बिघडतो.

हायवाचा ब्रेक हवेवर चालतो. पॅडल सोडल्यावर फुस्स होणे हे बरोबरच. पॅडल दाबून धरले असता फुसफुस चालूच राहिली आणि काटा खाली येत गेला, तर हवा गळते आहे. हवेच्या टाकीतले पाणी रोज काढलेच पाहिजे. पोकलेन साखळीवर चालतो, त्याचे ब्रेक मोटारीच्या आत असतात. इंजिन बंद केल्यावर तो उतारावर सरकत असेल तर काम थांबवा. ती उघडझाप शेतात करण्याची नाही.

हाताच्या उबेने तपासा

दहा मिनिटे चालवून चाकाच्या हबजवळ तळहात न्या, पण टेकवू नका. चटका बसेल. डावी-उजवी बाजू ताडून पाहा. एकच बाजू फार तापली असेल तर तिथला ब्रेक चिकटून राहतो. एकच बाजू गार असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जातो.

खाली वाकण्याआधी यंत्र सपाटीवर घ्या, बकेट जमिनीला टेकवा, चाकांना दोन्हीकडून दगड लावा. जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, खाली ठोकळा द्या. ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला कायमची इजा करते. ओल्या फडक्याने पुसा. आणि आवाज बंद व्हावा म्हणून लायनरवर डिझेल किंवा ऑईल मारू नका. आवाज जातो, पण त्याबरोबर ब्रेकही जातो.

घाटात आणि भाडे ठरवताना

कन्नडचा औट्रम घाट असो की दौलताबादहून खुलताबादला चढणारा रस्ता, भरलेली ट्रॉली ज्या गिअरमध्ये वर चढेल त्याच गिअरमध्ये खाली उतरवा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. रस्त्यावर ट्रॅक्टरची दोन्ही पॅडल लॉकपट्टीने जोडलेली असलीच पाहिजेत. जळका वास आला की बाजूला थांबून गार होऊ द्या. तापलेला ब्रेक आधी ओरडतो आणि मग लागेनासा होतो.

तासाचे भाडे ठरवताना आपण बकेटचे दात बघतो, डिझेल कोणाचे ते विचारतो. त्याच वेळी यंत्र एकदा चालवून थांबवून दाखवायला सांगा. त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत. लोखंडाची खरखर, एका बाजूला ओढणे आणि पॅडल तळाला जाणे, या तिन्हींपैकी एक जरी दिसले तरी यंत्र भरावावर चढू देऊ नका. मालक रागावेल, दिवस मोडेल, नंबर मागे जाईल. गाळ पुढच्या आठवड्यातही तळ्यातच राहणार आहे. भरावावरून यंत्र मागे सरकले, तर खाली उभे असलेले माणूस आपल्याच घरचे असते.