यंत्रांची देखभाल आणि वर्क ऑर्डर

बँकेत व्हाउचरशिवाय एक रुपयाही इकडचा तिकडे होत नाही. एक लिहितो, दुसरा तपासतो, दोघांच्या सह्या पडतात. कारखान्यात यंत्रांच्या देखभालीसाठी हेच काम वर्क ऑर्डर करते.

आपल्या अकोला जिल्ह्यातील पारसच्या औष्णिक वीज केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. असे केंद्र रात्रंदिवस पाळ्यांमध्ये चालते. सकाळी पंपाचा आवाज ज्याने ऐकला, तो दुपारी घरी जातो. त्याने पाहिलेले पुढच्या पाळीला कळावे कसे? कागदावरूनच.

वर्क ऑर्डरवर क्रमांक, यंत्राचे नाव, बिघाड, तो कळविणारा आणि कामाची निकड लिहितात. काम कोणी केले, वीज बंद करून कुलूप लावले काय, कोणते सुटे भाग लागले, किती तास गेले, याचीही नोंद होते. चाचणी घेऊन सही झाल्यावरच ती बंद होते. बिघडल्यावर निघते ती एक. तेल-ग्रीससाठी ठराविक मुदतीने निघते ती दुसरी. जुन्या ऑर्डरी एकत्र वाचल्या की रोगही कळतो. एकच बेअरिंग वर्षात तीनदा बदलले असेल, तर दोष बहुधा बेअरिंगचा नसून जोडणीचा असतो.

कागद हाती न पडल्यास काय होते? ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलफलाटावर एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही. दुसरा पंप बंद पडताच तोच पंप सुरू करण्यात आला. वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसे दगावली.

आमच्या मते या कागदाची खरी गरज साहेबापेक्षा कामगाराला आहे. यंत्रात हात त्याचा असतो. तोंडी हुकमाला साक्षीदार नसतो, अपघात झाला की "कोणी सांगितले होते?" हा प्रश्न खालच्या माणसालाच विचारला जातो. खांबावर चढणाऱ्या वायरमनने लाइन बंद केल्याचे परमिट आधी मागावे, ते याचसाठी.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या तुम्ही आयटीआय वा पॉलिटेक्निकमधून कामावर जाल. लेखी ऑर्डर मागण्यात उद्धटपणा नाही. वाचल्याशिवाय सही करू नका आणि केलेले काम लिहिल्याशिवाय घरी जाऊ नका. सभासदांनीही वसतिगृहाच्या पाण्याच्या मोटारीसाठी एक वही घालून सुरुवात करावी. खर्च वहीपुरता, लाभ मात्र वर्षानुवर्षांचा.