सापाचं घर कसं असावं?

"बाई, साप पाळता येतो का?" श्रावण आला, नागपंचमी जवळ आली, की हा प्रश्न वर्गात हमखास येतो. बालमित्रांनो, आपल्या देशात याचं उत्तर 'नाही' असंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे नाग, धामण, अजगर असे आपल्याकडचे साप पकडणं किंवा घरात ठेवणं गुन्हा आहे.

अमेरिकेत मात्र पुष्कळ घरांत कॉर्न स्नेक पाळतात. कॉर्न म्हणजे मका. या बिनविषारी सापाच्या पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी नक्षी असते. तो काचेच्या पेटीत राहतो. ही पेटी कशी मांडतात ते पाहिलं, की सापाच्या गरजा कळतात.

पहिली गरज उबेची. आपलं शरीर आतून ऊब तयार करतं, सापाचं करत नाही. गारठला की तो उन्हात येतो, तापला की सावलीत जातो. पुरेशी ऊब नसेल, तर खाल्लेलं पचतसुद्धा नाही. म्हणून पेटीची एक बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस ठेवतात, दुसरी २४ अंशांच्या आसपास. हीटर फार तापला तर साप भाजेल, म्हणून त्याला थर्मोस्टॅट जोडलेला असतो.

दुसरी गरज लपण्याची. पेटीत लपायला दोन जागा लागतात, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला. दोन कशाला? अहो, एकच असेल तर बिचाऱ्याने भीतीपोटी लपून उकडत बसायचं, की गारव्याला येऊन उघड्यावर घाबरायचं?

तिसरी गरज जागेची. साप वेटोळं घालून बसतो, मग त्याला मोठी पेटी कशाला, असं पूर्वी म्हणत. आता बरेच जाणकार सांगतात, की त्याला अंग सरळ ताणता आलं पाहिजे. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक साधारण सव्वा मीटर लांब असतो. म्हणजे पेटीही निदान तेवढी हवी!

शिवाय स्वच्छ पाण्याचं भांडं हवं. हवा फार कोरडी असेल, तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते. झाकणाला पक्की कडी हवी, कारण डोकं शिरेल एवढी फट मिळाली की साप पसार! विष्ठा दिसली की लगेच काढायची आणि नंतर साबणाने हात धुवायचे. सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात.

आता गारुड्याची टोपली आठवा. ऊब कमी-जास्त करायची सोय नाही, अंग ताणायला जागा नाही, पाणी नाही. गंमत म्हणून बरणीत कोंडलेल्या पिल्लाचे हाल तर त्याहून वाईट.

पुण्याला गेलात, तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातलं सर्पोद्यान जरूर पाहा. काचेवर टकटक करू नका. साप दिसला नाही तरी हिरमुसू नका. लपायची जागा कुठे आहे, पाणी कुठे, ऊन कुठून येतं, ते शोधा आणि वहीत टिपून ठेवा.

आणि घरात साप निघाला तर? लांब उभे राहा, मोठ्यांना हाक मारा, सर्पमित्राला बोलवा. त्याचं खरं घर बाहेर आहे. तिथे ऊन, सावली, बीळ आणि पाणी तो स्वतःच शोधतो.