दारे धरणारा गडी

सन २०२४ च्या नोव्हेंबरातील ही हकीकत आहे. जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दहा वर्षांनी येणारे दर्शन २१ नोव्हेंबर रोजी सुरू झाले होते, आणि ३ डिसेंबरच्या सणास तेथे पोहोचावे म्हणून खानापूर तालुक्यातील आमच्या गावची मंडळी पायी निघण्याच्या तयारीत होती. वळकट्या, भांडी व शिधा वाहून नेण्यासाठी गावातीलच दोघा भावांचा ट्रक सांगून ठेवला होता. सामानाची जबाबदारी आमच्याकडे होती. निघण्यास पाच दिवस उरले असता निरोप आला की, ट्रक चोर्ल्याच्या घाटात तापून उभा आहे.

हा ट्रक म्हणजे त्या घराचे शेतच. रात्री बेळगावची भाजी भरून तो गोव्यात उतरतो व परतताना मिळेल तो माल घेऊन घाट चढतो. बँकेचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत. इंजिन तापून हेड वाकले म्हणजे काय होते, हे त्या घरातील लहान मुलासही ठाऊक आहे. कारण थोरल्या भावाची पहिली गाडी त्याच दुखण्याने भंगारात गेली.

दुखण्याचे मूळ सहा महिन्यांपूर्वीचे होते. इंजिनातून गरम पाणी ज्या जाड रबरी नळीने रेडिएटरकडे जाते, त्या नळीच्या बुडाशी एक लहानसे धातूचे झाकण असते. त्याच्याखाली थर्मोस्टॅट बसविलेला असतो, आणि झाकण व इंजिन ह्यांच्यामध्ये पातळ पॅकिंग असते. मे महिन्यात ह्या सांध्यातून पाणी पाझरू लागले. घाटाखालच्या एका कारागिराने झाकण उघडले, थर्मोस्टॅट काढून बाजूस टाकला, जुन्या पॅकिंगऐवजी चिकट लेपाचा जाड थर दिला व सांगितले, “आपल्या हवेला हा वॉल लागतच नाही. आता गाडी थंड राहील.” पाझर थांबला, पैसेही थोडेच पडले. आमच्या भागात अशा कित्येक गाड्या ह्या अवयवावाचून धावत असतील.

यथावकाश सांधा पुन्हा गळू लागला. मग ओढ्याचे पाणी ओतणे आले, आणि एकदा रेडिएटरात हळदही पडली. हळदीचा उपाय आमच्याकडे जुना आहे व घर गाठण्यापुरता तो चालतोही. परंतु जी हळद भोक बुजविते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही जाऊन बसते, हे पुढे कोणी ध्यानात घेत नाही.

ट्रक ओढून गावाजवळच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींच्या गॅरेजात आणला. आम्ही तेथे जाऊन बसलो, ते काळजीपोटीच. थोरल्याचे म्हणणे होते की, थेंब वॉटर पंपाखाली पडतात, तेव्हा पंपच बदलावा. मेस्त्रींनी प्रथम सारा भाग फडक्याने कोरडा केला, आणि सुकलेल्या पाण्याची पांढुरकी-हिरवट खपली खालून वर कोठवर गेली आहे ते टॉर्चने पाहिले. ती थेट झाकणाच्या सांध्यापर्यंत गेली होती. पाणी वरून ओघळून पंपावरून खाली येत होते. पंप निर्दोष होता.

मग झाकण उघडून आत बोट घालीत त्यांनी विचारले, “दारे धरणारा गडी कोठे आहे?”

शेतात पाणी देणाऱ्यांना हा शब्द निराळा समजावून सांगावयास नको. पाटाचे पाणी आले म्हणजे एक दार फोडावयाचे व दुसरे बांधावयाचे. गडी नसला तर पाणी वाटेल तिकडे जाते. थर्मोस्टॅटचे काम अगदी हेच आहे. पितळेच्या एका कुपीत मेण भरलेले असते. इंजिन थंड असते तोवर मेण घट्ट असते, रेडिएटरकडचे दार बंद असते, व पाणी आडवाटेने इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर गरम होते. ठराविक उष्णतेस मेण वितळून फुगते, एक दांडी ढकलते आणि रेडिएटरचे दार उघडते. पुष्कळशा इंजिनांत त्याच वेळी आडवाटेचे दार बंद होते. निवले की स्प्रिंग सारे पूर्ववत करते. सर्जियस व्हर्ने ह्यांनी १९३४ साली शोधलेली ही मेणाची युक्ती आजही मोटारींत चालू आहे. तिला वीज लागत नाही की हुकूम लागत नाही.

“मग तो काढला म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या होऊन गाडी अधिकच थंड राहील ना, मेस्त्रीकाका?” धाकट्याने विचारले. आम्हांसही तेच वाटले होते.

“अरे बाबा, दोन्ही दारं उघडी टाकलीस तर उसाला पुरेल का पाणी?”

ह्या इंजिनात गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरकडे न जाता आडवाटेने तसाच परत फिरत होता. सपाटीवर त्याचे काही वाटत नव्हते. उलट इंजिन नको तितके थंड राही, डिझेल नीट जळत नसे, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन झीज वाढवी. फेरीस डिझेल अधिक का लागते म्हणून घरात सहा महिने चाललेला वाद त्या क्षणी मिटला. भरल्या मालानिशी घाट चढताना मात्र पाण्याचा थेंबन् थेंब रेडिएटरात जावयास हवा होता, व नेमका तेथेच तो जात नव्हता.

त्यात गळतीची भर. आपल्या घरातील कुकरचे उदाहरण घ्यावे. झाकण घट्ट असले की आत दाब चढतो व पाणी शंभर अंशांच्या पुढे तापले तरी उकळत नाही. मोटारीतही कूलंट व पाणी निम्मेनिम्मे घालून रेडिएटरवर दाबाचे झाकण बसविले म्हणजे ते सव्वाशे अंशांच्या आसपासपर्यंत दम धरते. सांधा गळका झाला की दाबही जातो. मग साधे पाणी शंभराच्या आतच उकळू लागते, कारण घाटमाथ्याच्या उंचीवर त्याचा उकळबिंदू आणखी दोन-तीन अंशांनी खाली येतो. आणि तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणी घाईने उघडले तर ती वाफ तोंडावर येते. असे भाजलेले चेहरे आम्ही पाहिले आहेत. इंजिन पुरते निवल्यावाचून त्या झाकणास हात लावू नये.

आता दुरुस्ती. चार बोल्टांपैकी एक गंजून बसला होता. थोरला म्हणाला, “पाइप घालून फिरवा की, मेस्त्रीकाका! चार दिवसांवर यात्रा आली.” मेस्त्रींनी गंज सोडविणारे तेल बोल्टच्या मुळाशी सोडले आणि म्हणाले, “आत तुटला तर हेड उतरावं लागेल. उद्या सकाळी ये.” सकाळी बोल्ट सुटला.

आदल्या संध्याकाळीच रेडिएटरातील पाणी त्यांनी घमेल्यात उतरवून घेतले होते व त्यावर लगेच फळी झाकून ठेवली होती. कूलंट गोड लागते आणि ते विषारी असते. कुत्रे, वासरू वा रांगते मूल त्यास तोंड लावील तर प्राणावर बेतते. आपल्या अंगणात गाडी धुणाऱ्यांनी व कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांनी एवढे तरी अवश्य लक्षात ठेवावे.

इंजिनाचे तोंड चिंधीने बुजवून जुना लेप लाकडी पट्टीने खरवडला. लेपाच्या काही तारा आतल्या वाटेत लोंबत होत्या, त्या चिमट्याने काढल्या. इंजिनाकडील बाजू धड होती. परंतु ॲल्युमिनियमच्या झाकणास ओढ्याच्या पाण्याने खड्डे पाडले होते, म्हणून ते नवीन आणले. कूलंटमध्ये धातू राखणारी द्रव्ये असतात, साध्या पाण्यात ती नसतात.

नवा थर्मोस्टॅट मेस्त्रींनी तसाच बसविला नाही. पातेल्यात पाणी तापत ठेवून तो दोऱ्याने आत टांगला, शेजारी तापमापक सोडला. त्यावर ८२ हा आकडा कोरलेला होता. काटा त्या सुमारास आला तेव्हा दार किंचित हलले, आणि पाणी उकळीस येईतो बोटभर फट पडली. पोरेबाळे जमली होती. त्यांना हा खेळच वाटला. आम्हीही वाकून पाहत होतो, हे कबूल करावयास हरकत नाही.

बसविताना मेणाची कुपी इंजिनाकडे ठेवली, आणि हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या अंगास. नवे पॅकिंग कोरडेच लावले. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, मापाच्या पान्याने आवळले. एकच बाजू जोराने आवळली की झाकण वाकते व गळती पुन्हा पहिल्यासारखी सुरू होते. हळदीसाठी रेडिएटर दोनदा धुवावा लागला. नंतर निम्मेनिम्मे मिश्रण सावकाश ओतून हवा बाहेर काढली, हातपंपाने दाब देऊन पाव तास काटा पाहिला. तो हलला नाही. इंजिन एकदा तापवून निवविले आणि कमी झालेली पातळी पुन्हा भरली.

सारा खर्च नव्या झाकणामुळे वाढला खरा, तरीही तो एका हप्त्याहून कमी होता.

ठरल्या दिवशी पहाटे फादरांनी आशीर्वाद दिला व मंडळी निघाली. जाताना उतारच होता, त्यामुळे कसोटी परतीच्या वाटेवरच लागावयाची होती. सण आटोपून वळकट्या व रिकामी पातेली घेऊन ट्रक घाट चढू लागला, वर वाटेत भरलेला मालही होता. आम्ही केबिनमध्ये होतो. कोणी फारसे बोलत नव्हते. तिघांचीही नजर काट्यावर होती. तो मध्यावर आला आणि तेथेच राहिला.

कणकुंबीस चहाला थांबल्यावर धाकट्याने टॉर्च घेतला, केबिन उचलली व झाकणाच्या खालून बोट फिरविले. बोट कोरडे होते.