थरथरत्या बोटांसाठी थरथरणारे हातमोजे

काही महिन्यांपूर्वी आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ ग्राहकांचा धनादेश पडताळणीसाठी माझ्या टेबलावर आला. नमुना सहीशी सही जुळत नव्हती. पहिले अक्षर ठळक, पुढची उत्तरोत्तर बारीक आणि शेवटची तर मुंगीएवढी. नियमानुसार धनादेश परत करणे भाग पडले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शाखेत आले. उजवा हात मांडीवर ठेवला होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सतत घासली जात होती. “मॅडम, सही माझीच आहे. हात मात्र पूर्वीचा राहिलेला नाही,” एवढेच ते म्हणाले. त्यांना पार्किन्सन्सचा विकार होता.

नवी नमुना सही घेऊन तो प्रश्न आम्ही सोडवला. परंतु उठताना त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. अभियांत्रिकी शिकणारा त्यांचा नातू कंपन देणारे हातमोजे घरीच तयार करू पाहत होता. दुसरीकडे, ‘खात्रीशीर गुण’ देणाऱ्या तयार हातमोज्यांसाठी एक विक्रेता मोठी आगाऊ रक्कम मागत होता. मुदत ठेव मोडावी का? उत्तर देण्यापूर्वी विषय समजून घेणे मला आवश्यक वाटले. त्या अभ्यासाचे सार येथे देत आहे.

विकाराचे स्वरूप

लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूच्या खालच्या भागात ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ नावाचा काळसर पेशीसमूह असतो. तेथील पेशी डोपामिन हे रसायन निर्माण करतात. त्या हळूहळू नष्ट होऊ लागल्या की हालचालींवरील नियंत्रण ढळते. हाताला कंप सुटतो, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात, पुढे तोलही जातो. अक्षर बारीक होत जाणे हेही याच विकाराचे लक्षण आहे. कंप मात्र प्रत्येक रुग्णात असतोच असे नाही.

गेल्या शतकातील साठच्या दशकापासून लेव्होडोपा हे औषध उपचारांचा मुख्य आधार आहे. काही निवडक रुग्णांत मेंदूत सूक्ष्म तारा बसवून विद्युत स्पंदने दिली जातात. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे 1987 साली या पद्धतीचा आधुनिक प्रारंभ झाला. ती उपयुक्त आहे, परंतु शस्त्रक्रियेची जोखीम आणि खर्च सर्वांना पेलणारा नाही. म्हणूनच कवटी न उघडता मेंदूपर्यंत पोहोचण्याचा मार्ग संशोधक शोधत राहिले.

बोटांतून मेंदूकडे

निरोगी मेंदूत पेशींचे निरनिराळे गट आपापल्या कामानुसार संदेश देत असतात. पार्किन्सन्समध्ये हालचालींशी संबंधित भागांतील असंख्य पेशी एकाच ठेक्यात स्पंदन करू लागतात. ढोलपथकातील प्रत्येकाने एकाच वेळी एकच ठोका धरला, तर त्या गजरात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. तशीच ही अवस्था. हा अनिष्ट एकठेका मोडला तर हालचाल सुधारेल, असा तर्क प्रा. पीटर टास यांनी मांडला. प्रथम जर्मनीत आणि नंतर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी या दिशेने काम केले.

बोटांच्या टोकांना मेंदूतील स्पर्शक्षेत्रात मोठे स्थान आहे. शिवाय त्वचेतील काही संवेदक सेकंदाला सुमारे 250 कंपनांना विशेष तीव्र प्रतिसाद देतात. म्हणून तर्जनीपासून करंगळीपर्यंत चार बोटांना वेगवेगळ्या क्षणी अल्पकाळ कंपन द्यायचे, अशी योजना करण्यात आली. अंगठा त्यातून वगळला जातो. त्यामुळे पेशींचे गट वेगवेगळ्या वेळी आपला ठेका नव्याने धरतात आणि जडलेली एकत्र स्पंदनाची सवय हळूहळू विसरतात, अशी यामागील कल्पना आहे.

घरगुती रचना

या हातमोज्यांतील बहुतेक भाग आपल्या खिशातील मोबाइल संचाशी नाते सांगणारे आहेत. दोन्ही हातांसाठी मिळून आठ लहान कंपक लागतात. प्रत्येक कंपकाला नेमका विद्युतप्रवाह पुरवणारी चालक चकती, सर्वांना आज्ञा देणारा सूक्ष्मनियंत्रक, पुनर्भारित होणारी बॅटरी आणि बोटांवर घट्ट परंतु न आवळणारे पट्टे किंवा पातळ हातमोजे, एवढी ही सामग्री.

कंपकाची निवड हा यातील कळीचा भाग. साध्या कंपकात एका बाजूला जड असलेले चाक फिरते. त्याचा वेग वाढवला की कंपनाचा जोरही वाढतो. दोन्ही स्वतंत्रपणे ठरवता येत नाहीत. त्याला वेग घ्यायला आणि थांबायलाही वेळ लागतो. दुसऱ्या प्रकारात लहान वजन स्प्रिंगवर मागे-पुढे हलते. त्याची कंपनसंख्या जवळजवळ स्थिर राहते आणि ते चटकन सुरू वा बंद होते. येथे दुसरा प्रकारच योग्य. मात्र 250 च्या आसपास कंपने देणारा कंपक पाहून घ्यावा लागतो.

वेळापत्रकही तितकेच महत्त्वाचे. एका सेकंदात दीड आवर्तन, म्हणजे एक आवर्तन सुमारे 667 मिलिसेकंदांचे. त्यात चारही बोटांना एकेकदा, प्रत्येकी 100 मिलिसेकंद कंपन मिळते. बोटांचा क्रम दर आवर्तनाला बदलतो. तीन आवर्तने कंपनाची, दोन विश्रांतीची, असा हा क्रम चालू राहतो. दोन्ही हातांतील समान बोटांना एकाच क्षणी कंपन मिळावे, म्हणून दोन्ही बाजूंचा मेळ तारेने किंवा बिनतारी पद्धतीने घालावा लागतो. केवळ ‘थरथरणारा’ कोणताही हातमोजा हे काम करत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

पुरावा किती?

स्टॅनफर्डच्या गटाने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा रुग्णांनी तीन महिन्यांहून अधिक काळ, रोज दोन वेळा दोन-दोन तास हे कंपन घेतले. औषधाचा परिणाम ओसरलेल्या अवस्थेतही त्यांच्या हालचालींत सुधारणा नोंदवली गेली. निष्कर्ष आशादायक आहे. परंतु रुग्ण अवघे सहा होते आणि तुलनेसाठी खोटे कंपन दिलेला गट नव्हता.

तुलनागटाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे विख्यात मज्जातज्ज्ञ शार्को यांच्या लक्षात आले, की रेल्वेच्या वा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर या रुग्णांना बरे वाटते. त्यांनी कंप पावणारी खुर्चीच करवून घेतली. 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या कल्पनेची चाचणी घेण्यात आली. एका गटाला खुर्चीत कंपन दिले, दुसऱ्याला कंपनाविना केवळ शांत ध्वनी ऐकवले. सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही! याचे कारण या विकारातच दडलेले आहे. गुण येईल या अपेक्षेनेच रुग्णाच्या मेंदूत डोपामिन स्रवते, असे 2001 साली मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे दाखवण्यात आले.

खुर्ची आणि हातमोजे यांची तत्त्वे भिन्न आहेत. एकावरून दुसरे बाद ठरत नाही. तथापि, एका रुग्णाच्या ध्वनिचित्रफितीवरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे, एवढे यावरून कळते. मोठ्या तुलनात्मक चाचण्यांनी सिद्ध झालेला उपचार, असे या हातमोज्यांबद्दल म्हणता येत नाही.

प्रयोग करावयाचा झाल्यास

प्रथम मज्जाविकारतज्ज्ञांना सांगावे. हृदयात वा मेंदूत एखादे विद्युत उपकरण बसवलेले असल्यास त्यांच्या संमतीविना हातमोजे वापरू नयेत. लेव्होडोपाची मात्रा स्वतःहून कमी करू नये अथवा थांबवू नये. अचानक बंद केल्यास गंभीर परिणाम होऊ शकतात. हातमोजे बोटांवर असताना बॅटरी भारित करू नये. तारांचे जोड झाकलेले असावेत; त्वचा लाल झाल्यास वा बधिरपणा वाढल्यास वापर थांबवावा. सुरू करण्यापूर्वी काही आठवडे आणि नंतरही, औषध घेतल्यानंतर ठराविक वेळाने, एकच ओळ वहीत लिहून तारीख टाकावी. जमाखर्चाप्रमाणेच येथेही नोंद असल्याविना ताळेबंद मांडता येत नाही.

आर्थिक बाजूही सांगणे माझे कर्तव्य आहे. खात्रीशीर परताव्याचे आश्वासन देणाऱ्या योजनेपासून आम्ही ग्राहकांना जसे सावध करतो, तसेच खात्रीशीर गुणाचे आश्वासन देणाऱ्या विक्रेत्याबाबतही सावध राहावे. औषधे, व्यायामोपचार आणि शुश्रूषा यांसाठीची पुंजी प्रथम सुरक्षित ठेवावी.

पार्किन्सन्सचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये आहे. सही बदलत चालली असल्यास शाखेला आधीच कळवून नवी नमुना सही द्यावी. सही करणे अशक्यच झाले, तर साक्षीदारांच्या उपस्थितीत अंगठ्याचा ठसा घेऊन व्यवहार करण्याची तरतूद आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या संस्था रुग्णांना आणि कुटुंबीयांना आधार देतात. त्यांच्याशी अवश्य संपर्क साधावा.

आमच्या त्या ग्राहकांनी ठेव मोडली नाही. डॉक्टरांना विचारून नातवाने हातमोजे तयार केले. दर रविवारी तो आजोबांकडून वहीत एक ओळ लिहून घेतो. परवा त्यांनी ती वही मला दाखवली. काही ओळी ठसठशीत आहेत, काही पुन्हा बारीक झालेल्या. निष्कर्ष काढण्याची घाई दोघांनाही नाही. धनादेशावरील सही मात्र आता नव्या नमुन्याशी जुळते.