डब्यावर 'ऑरगॅनिक' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

रमजान जवळ आला की खजूर आणि मधाच्या डब्यांवर 'ऑरगॅनिक', 'नॅचरल', 'केमिकल फ्री' असे शब्द झळकू लागतात. किंमतही चढते. जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे शब्द कशाची हमी देतात ते पाहू.

'जैविक' किंवा 'ऑरगॅनिक' म्हणून पॅकबंद माल विकायचा तर एफएसएसएआयचे २०१७ चे नियम लागू होतात. त्यासाठी दोन मार्ग आहेत. 'एनपीओपी'मध्ये त्रयस्थ संस्था शेताची आणि नोंदींची तपासणी करते. 'पीजीएस-इंडिया'मध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं पाहतो. प्रमाणित मालावर 'जैविक भारत'चा लोगो असतो. 'पीजीएस-ग्रीन' लिहिलं असेल तर ते शेत अजून रासायनिक शेतीतून बाहेर पडतंय, एवढंच समजा. आणि नुसतं 'नॅचरल' म्हणजे जैविक नव्हे, त्या शब्दामागे शेताची कसलीही तपासणी नसते.

खरी गफलत पुढे होते. प्रमाणपत्र मिळतं ते पिकवण्याच्या पद्धतीला. शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्यावर येतो, कॅनॉलचं पाणी सगळ्यांचं एकच. म्हणून नियमातही अंशाला थोडी जागा आहे: साध्या मालाला कीटकनाशकाची जी मर्यादा, तिच्या ५ टक्के, किंवा प्रयोगशाळा मोजू शकेल तेवढं, यांपैकी जे जास्त असेल ते. त्यामुळे 'शून्य केमिकल' हा दावा दुकानदाराचा, प्रमाणपत्राचा नाही. पौष्टिकतेचंही तसंच. जैविक बिस्किटातली साखर ही साखरच, मधुमेह असलेल्या अब्बांना ती तितकीच नडणार.

जैविक म्हणजे हलाल, असंही काही जण धरून चालतात. तसं नाही. जैविक शिक्का शेताबद्दल सांगतो, जबिहाबद्दल किंवा जिलेटिन कुठून आलं याबद्दल नाही. हलालचा शिक्का पिकावर काय फवारलं ते सांगत नाही. सूरह बकराच्या १६८व्या आयतीत हलाल आणि तय्यब हे दोन्ही शब्द सोबत आले आहेत. तेव्हा डबा घेताना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतील.

उलटही लक्षात ठेवा. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेला शेतकरी थेट गिऱ्हाईकाला विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, लोगो मात्र वापरता येत नाही. बाजारात असा कुणी भेटला तर शिक्का नाही म्हणून पाठ फिरवू नका. कीड पडली तेव्हा काय फवारलं, शेणखत कुठून आणलं, हे विचारा. ज्याने खरंच तसं पिकवलंय तो तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही.