प्रतिरूप आगगाड्यांचे नियंत्रण

खऱ्या आगगाडीची लहान प्रमाणातील प्रतिकृती विजेवर चालविताना तिची गती व दिशा बदलण्याच्या पद्धती. वऱ्हाडातील मूर्तिजापूर–यवतमाळ या ७६२ मिमी. मापाच्या मार्गावर १९९४ पर्यंत वाफेची एंजिने धावत. तेथे वाफेचा पुरवठा व झडपांची चाल बदलणारे दांडे चालकाच्या हाताशी असत. प्रतिरूपात चालक नसल्याने त्याची आज्ञा बहुधा रुळांतूनच पाठवावी लागते.

सर्वाधिक प्रचलित १:८७ प्रमाणात रुळांमधील अंतर १६·५ मिमी. असते (वरील अरुंदमापी मार्गास याच प्रमाणात ९ मिमी. चे रूळ जुळतात). एंजिनातील स्थायी चुंबकाच्या चलित्रास रूळ व चाके यांमार्फत १२ व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाह मिळतो. दाब वाढविला की गती वाढते. ध्रुवता उलटविली की दिशा बदलते. उजवा रूळ धन असता एंजिन पुढे जाते, असा संकेत आहे. म्हणून एंजिन उचलून उलट तोंडाने ठेवले, तरी ते पूर्वीच्याच बाजूस धावते; नवशिक्यास याचे नवल वाटते. मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच मिळत असेल, तर डावा रूळ उजव्यास भिडून मंडल संक्षिप्त होते. त्यामुळे वळशाचा भाग निरोधक सांध्यांनी तोडून त्यास वेगळा स्विच द्यावा लागतो.

ताशी ८० किमी. वेग या प्रमाणात सेकंदास सु. २५ सेंमी. एवढाच भरतो. मंद गती साधणे हीच खरी कसोटी होय. चलरोधकाने दाब हळूहळू वाढविल्यास स्थितिक घर्षणामुळे एंजिन अडून राहते व मग एकदम झेप घेते. ट्रँझिस्टरयुक्त नियंत्रक पूर्ण दाबाचे आखूड स्पंद देतो व त्यांची रुंदी बदलतो. त्यामुळे गाडी सावकाश सरकू शकते.

या पद्धतीत एका विद्युत् मंडलावरील सर्व एंजिने एकदम चालतात. गाड्या स्वतंत्रपणे चालविण्यासाठी मार्गाचे खंड पाडावे लागत. अंकीय पद्धतीने ही अडचण दूर केली. जर्मनीतील बेर्न्ट लेन्ट्स यांच्या कामावर आधारलेले तिचे मानक अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेने १९९० नंतरच्या दशकात स्वीकारले. रुळांत सतत पूर्ण दाब असतो व त्याची ध्रुवता वेगाने उलटसुलट होत असते. तिच्या आखूड-लांब कालखंडांतून ‘१’ व ‘०’ व्यक्त होतात. प्रत्येक एंजिनातील विसंकेतक स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. दिशा आज्ञेतच असल्याने वळशावर ध्रुवता आपोआप उलटविता येते व गाडी थांबत नाही.

पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये कोथरूड येथे खुले झाले. तेथे छोट्या नगराच्या देखाव्यातून गाड्या चालवून दाखवितात.

पद्धत कोणतीही असो, रुळांवर धूळ वा काजळी साचली की चाकांचा विद्युत् संपर्क तुटतो. अशा वेळी दाब न वाढविता प्रथम रूळ पुसावेत.