ड्युरँट गेला, त्यानंतर

४ जुलै २०१६. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सकाळी केव्हिन ड्युरँटने ‘द प्लेयर्स ट्रिब्यून’ या संकेतस्थळावर एक छोटं टिपण लिहिलं आणि ओक्लाहोमा सिटी थंडर हा बास्केटबॉल संघ सोडत असल्याचं जाहीर केलं. तो निघाला होता गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे. पाचच आठवड्यांपूर्वी याच संघाने पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत थंडरला हरवलं होतं. त्या मालिकेत थंडर ३-१ असा पुढे होता. सहाव्या सामन्यात क्ले थॉम्पसनने तीन गुणांच्या तब्बल ११ बास्केट केल्या आणि हाता-तोंडाशी आलेली अंतिम फेरी निसटली.

ड्युरँटचा करार संपलेला होता, त्यामुळे तो कुठेही जायला मोकळा होता. त्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे एनबीए या व्यावसायिक लीगमधली संघांची वेतनमर्यादा ७ कोटी डॉलरवरून थेट ९.४ कोटींवर गेली होती. एरवी वॉरियर्सला तो परवडला नसता. थंडरला मात्र त्याच्या बदल्यात ना खेळाडू मिळाला, ना भविष्यात नवा खेळाडू निवडण्याचा एखादा हक्क.

२२ जून २०२५ रोजी थंडर एनबीएचा विजेता झाला. २०१६ च्या संघातला एकही खेळाडू तेव्हा त्या संघात नव्हता. महाव्यवस्थापक मात्र तोच होता, सॅम प्रेस्टी. तारा गमावलेला संघ पुन्हा उभा राहतो तेव्हा त्यात दैवाचा वाटा किती, योजनेचा किती आणि या सगळ्याची किंमत मोजतं कोण, हे समजून घ्यायला या नऊ वर्षांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

दुसऱ्याच्या अंगणातून आलेला संघ

ओक्लाहोमा सिटीत मोठ्या व्यावसायिक लीगचा हा एकच संघ आहे. १९ एप्रिल १९९५ रोजी इथल्या सरकारी इमारतीसमोर झालेल्या बॉम्बस्फोटात १६८ माणसं मारली गेली. संघात येणाऱ्या नव्या खेळाडूंना प्रेस्टी त्यांच्या स्मारकावर घेऊन जातो. आपण कोणासाठी खेळणार आहोत, हे त्यांना आधी कळावं म्हणून.

२००५ मध्ये कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त केलं. तिथला संघ दोन हंगाम या शहराच्या आश्रयाला आला आणि हे शहर बास्केटबॉल संघ पोसू शकतं हे सिद्ध झालं. २००८ मध्ये सिएटलचा सुपरसॉनिक्स संघ इथे हलवण्यात आला. सिएटलने तो ४१ वर्षं सांभाळला होता, १९७९ चं विजेतेपदही पाहिलं होतं. नव्या मालकांनी तो उचलला आणि सिएटलकडे संघ उरला नाही. ड्युरँटच्या जाण्याने ओक्लाहोमा सिटी हळहळली, ते दुःख खरंच होतं. पण एक अख्खा संघ गमावण्याचं दुःख सिएटलने त्याआधीच भोगलं होतं. थंडरची कथा सांगताना हे विसरून चालणार नाही.

पाच जणांच्या खेळात एक

बास्केटबॉलमध्ये एका वेळी मैदानात संघाचे पाचच खेळाडू असतात आणि सर्वोत्तम खेळाडू ४८ पैकी ३५-४० मिनिटं खेळतो. म्हणून एकाच्या जाण्याने संघाचा दर्जाच कोसळतो. असे खेळाडू मिळवायचा मुख्य मार्ग म्हणजे ड्राफ्ट. दरवर्षी नवोदित खेळाडूंची निवड क्रमाने होते आणि कमकुवत संघांना आधीचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. हा निवडीचा हक्क, म्हणजे ‘पिक’, संघांना आपसात विकता-बदलताही येतो.

प्रेस्टीची नजर पारखी होती, यात शंका नाही. २००७ मध्ये ड्युरँट, २००८ मध्ये रसेल वेस्टब्रुक, २००९ मध्ये जेम्स हार्डन अशा लागोपाठच्या तीन ड्राफ्टमधल्या त्याच्या निवडी. तिघेही पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, अनुक्रमे २०१४, २०१७ आणि २०१८ मध्ये. २०१२ मध्ये हे तिघं मिळून अंतिम फेरीत पोचले आणि मायामीकडून ४-१ असे हरले. त्याच ऑक्टोबरमध्ये करारवाढीवर एकमत झालं नाही म्हणून हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. थंडरमध्ये या तिघांपैकी एकालाही विजेतेपद मिळालं नाही.

ड्युरँट गेल्यावर वेस्टब्रुकने शहराची साथ सोडली नाही. महिन्याभरात त्याने करार वाढवला. २०१६-१७ च्या हंगामात त्याने सरासरी ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट नोंदवले आणि ४२ ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात तीन बाबतींत दोन आकडी कामगिरी) करून ऑस्कर रॉबर्टसनचा ४१ चा जुना विक्रम मोडला. पुढच्या वर्षी त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज आला. तरीही २०१७, २०१८ आणि २०१९ अशी तिन्ही वर्षं संघ प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडला. एक-दोघांनी कितीही ओढलं तरी गाडी एका ठिकाणापुढे जाईना.

एका सौद्याची वंशावळ

जुलै २०१९ मध्ये जॉर्जने लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे जाण्याची इच्छा व्यक्त केली. तिथे त्याला कवाय लेनर्डबरोबर खेळायचं होतं आणि जॉर्ज आला तरच लेनर्ड येणार होता. क्लिपर्सची ही नड प्रेस्टीने अचूक ओळखली. जॉर्जच्या बदल्यात त्याने पहिल्या फेरीची पाच पिक्स, आणखी दोन वर्षं पिक्सची अदलाबदल करण्याचा हक्क, अनुभवी डॅनिलो गॅलिनारी आणि शे गिल्जस-अलेक्झांडर नावाचा तरुण खेळाडू मिळवला. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये वाढलेला हा मुलगा तेव्हा जेमतेम २१ वर्षांचा होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती १०.८ गुण. काही दिवसांतच वेस्टब्रुकही ह्यूस्टनला गेला आणि ख्रिस पॉलबरोबर आणखी पिक्स आली.

२०१६ आणि २०१९ यांतला फरक इथे आहे. पहिल्या वेळी खेळाडू करार संपवून गेला. दुसऱ्या वेळी करार शिल्लक असतानाच संघाने व्यवहार केला. गंमत म्हणजे क्लिपर्सला पुढे तेच भोगावं लागलं. २०२४ मध्ये करार संपताच जॉर्ज फिलाडेल्फियाला गेला आणि क्लिपर्सला बदल्यात काहीच मिळालं नाही.

या सौद्याचा माग आणखी मागे, २०१७ पर्यंत जातो. जॉर्जला आणण्यासाठी थंडरने इंडियाना पेसर्सला व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमांटास साबोनिस दिले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने मुंबईत वरळीच्या डोममध्ये झाले, ते इंडियाना आणि सॅक्रमेंटो किंग्ज यांच्यातच. साबोनिस तेव्हा इंडियानाकडे होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो त्याच सॅक्रमेंटोला गेला आणि बदल्यात इंडियानाला टायरीस हॅलिबर्टन मिळाला. २०२५ च्या अंतिम फेरीत एका बाजूला गिल्जस-अलेक्झांडर होता आणि दुसऱ्या बाजूला हॅलिबर्टन. दोघांच्याही वाटा पॉल जॉर्जच्या २०१७ च्या त्या एका सौद्यातून निघाल्या होत्या.

हरण्याचे दिवस

पॉलच्या नेतृत्वाखाली २०१९-२० मध्ये संघ अनपेक्षितपणे चांगला खेळला आणि प्लेऑफमध्ये ह्यूस्टनशी सात सामने झुंजला. तिथेच समाधान मानणं सोपं होतं. प्रेस्टीने त्याऐवजी पॉलला फीनिक्सला पाठवलं आणि संघ मुळापासून मोकळा केला.

त्यापुढची दोन वर्षं बघवत नव्हती. ७२ सामन्यांत २२ विजय, मग ८२ सामन्यांत २४. १ मे २०२१ रोजी घरच्या मैदानावर इंडियानाने १५२-९५ असं हरवलं. घरच्या मैदानावरचा तो लीगच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव. २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने १५२-७९ असं लोळवलं. ७३ गुणांचा हा फरक एनबीएतला आजवरचा सर्वांत मोठा. त्याआधीच्या मार्चमध्ये अल हॉरफर्ड हा धडधाकट अनुभवी खेळाडू उरलेल्या हंगामात खेळणार नाही, असं संघाने जाहीर केलं होतं. तरुणांना संधी हे कारण खरंच होतं. पण जिंकण्याची निकड उरलेली नव्हती, हेही तितकंच खरं.

इथे थांबून विचार करायला हवा. सामन्याचं तिकीट काढून मुलाला घेऊन आलेल्या बापाला त्या संध्याकाळी पुढच्या चार वर्षांची योजना दिसत नाही. जाणूनबुजून दुबळं राहणाऱ्या संघांना आवर घालण्यासाठी लीगने २०१९ मध्ये ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या लॉटरीचे नियम बदलले आणि तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या क्रमांकाची सारखीच, १४ टक्के शक्यता दिली. हरण्याचा मोबदला हमखास मिळत नाही. २२ विजयांच्या त्या हंगामानंतर थंडरच्या वाट्याला सहावा क्रमांक आला. पुनर्बांधणी यशस्वी झाली की आपण संयमाचं कौतुक करतो. अशाच वाटेने गेलेले आणि तळाशीच राहिलेले संघ मात्र आपल्या लक्षात राहत नाहीत.

पिक्स कोणीही साठवतो

मग थंडरचं वेगळेपण कशात? माझ्या मते शिकवण्यात. पिक म्हणजे बियाणं. ते पेरून उगवून आणावं लागतं. नोव्हेंबर २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेला मार्क डेगनॉल्ट आधी थंडरच्याच विकास संघाचा, ओक्लाहोमा सिटी ब्लूचा प्रशिक्षक होता. शिकाऊ खेळाडूंना घडवणं हेच त्याचं काम. विजेत्या संघाकडे पाहा. लू डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडलं नव्हतं. एरन विगिन्स ५५ व्या क्रमांकावर आला. आयझाया जोला फिलाडेल्फियाने सोडून दिलं होतं. ॲलेक्स करूसो कधी काळी ब्लूकडूनच खेळला होता. २०२४ मध्ये जॉश गिडीच्या बदल्यात तो परत आला.

२०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होमग्रेन मिळाला आणि क्लिपर्सच्या पिकवर, बाराव्या क्रमांकावर, सँटा क्लारा या छोट्या विद्यापीठाचा जेलन विल्यम्स. त्याच ऑगस्टमध्ये होमग्रेनच्या पायाला दुखापत झाली आणि त्याचा अख्खा हंगाम गेला. संघाने घाई केली नाही. ४० विजय, मग ५७, मग ६८ असा आलेख चढत गेला. २०२५ मध्ये गिल्जस-अलेक्झांडरने गुणांची सर्वाधिक सरासरी, हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू असे तिन्ही मान मिळवले. २००० मधल्या शकील ओ’नीलनंतर हे कोणाला जमलं नव्हतं. इंडियानाविरुद्ध पाचव्या सामन्यात विल्यम्सने ४० गुण केले. सातव्या सामन्याच्या पहिल्याच सत्रात हॅलिबर्टनचा घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. त्याच्याविना इंडियाना लढला आणि १०३-९१ असा हरला. विजयात नशिबाचा हातभार असतो, तो नाकारण्यात थोरपणा नाही.

शहराचा हिस्सा

डिसेंबर २०२३ मध्ये, विजेतेपदाच्या दीड वर्ष आधी, ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या क्रीडागृहासाठी एक टक्का विक्रीकर मंजूर केला. म्हणजे योजना एका व्यवस्थापकाची असली, तरी पैसा सामान्य नागरिकांनी पुरवला आणि पराभवाची वर्षंही त्यांनीच सोसली.

जुलै २०२५ मध्ये संघाने गिल्जस-अलेक्झांडर, होमग्रेन आणि विल्यम्स या तिघांचेही करार वाढवले. २०१२ मध्ये जे हार्डनच्या बाबतीत जमलं नाही, ते या वेळी केलं. नव्या नियमांनुसार ठरावीक रेषेपलीकडे वेतन देणाऱ्या संघाचे खेळाडू-बदलाचे हक्क आवळले जातात, म्हणून पुढे काही लाडक्या खेळाडूंना निरोप द्यावाच लागेल. त्या वेळी संघाने एक ऋण मानावं अशी माझी अपेक्षा आहे. ज्यांनी ७३ गुणांचा पराभव सोसला, त्यांना आता पुन्हा हरण्याची वर्षं मागू नयेत. संघ तोडून नव्याने बांधता येतो, हे प्रेस्टीने दाखवून दिलं. बांधलेला संघ टिकवणं हे त्याहून अवघड काम आहे, आणि त्याची खरी परीक्षा आता सुरू झाली आहे.